अंगकाठी आणि आयुष्य : कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी

ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा मध्य रेल्वेच्या स्थानकांवर एके काळी वजनाची उंच यंत्रे उभी असत. रंगीत दिवे लुकलुकत, काचेआडची चकती गरगर फिरे आणि नाणे टाकले की टणक पुठ्ठ्याचे छोटेसे तिकीट खाली पडे. त्यावर वजनाचा आकडा असे आणि सोबत एक-दोन ओळींचे भविष्य. आकडा आणि भविष्य एकाच तिकिटावर छापणाऱ्याच्या मनात केवळ करमणूक असेल. पण माणसाचा बांधा पाहून त्याचे आयुष्य ताडता येते, ही समजूत त्या यंत्रापेक्षा पुष्कळ जुनी आहे. भरल्या अंगाचा तो निरोगी, किडकिडीत तो रोगट, आडव्या हाडाची मुलगी बाळंतपणाला चांगली, असे आडाखे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌ पिढ्या वावरत आले आहेत. ते किती खरे आणि किती फसवे, याची कसोटी लावायची तर कल्याणच्याच एका कन्येच्या जेमतेम बावीस वर्षांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. त्या म्हणजे वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी गणपतराव आणि गंगाबाई यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास आणि १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली होती. खाडीकाठचे हे जुने बंदर रेल्वेचे गाव बनू लागले होते, पण वाड्यांच्या आतले आयुष्य फारसे बदलले नव्हते. जोशी घराण्याचे पूर्वीचे वैभव ओसरले होते, तरी नाव मोठे होते. यमुनेला वडिलांचा लळा आणि आईचा धाक. गंगाबाईंची शिस्त कठोर होती आणि त्यांच्या हातचा मार मुलीने लहानपणी पुष्कळ खाल्ला. वाढत्या वयाची मुलगी म्हणजे लवकर उजवायची जबाबदारी, हा त्या काळचा रिवाज. अंगाने थोराड दिसू लागलेली मुलगी असेल, तर घरच्यांची काळजी दुणावत असे. मुलीच्या बांधेसूदपणाचे कौतुक होण्याऐवजी तो लग्नाच्या घाईचे कारण ठरे. शरीर हे आरोग्याचे नव्हे, तर लौकिकाचे माप मानले जाई.

३१ मार्च १८७४ रोजी, वयाची नऊ वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, यमुनेचे लग्न झाले. नवरा गोपाळ विनायक जोशी पोस्ट खात्यात कारकून, मूळचा संगमनेरचा, बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवू द्यावे, ही त्याची लग्नाची अट होती. सासरी यमुनेची आनंदी झाली.

याच १८७४ सालच्या फेब्रुवारीत, हजारो मैलांवर ब्रुसेल्समध्ये, ॲडॉल्फ केटले हा बेल्जियन गणिती व खगोलशास्त्रज्ञ निवर्तला. असंख्य माणसांची उंची आणि वजने गोळा करून त्याने १८३० च्या दशकात एक नियम मांडला होता : प्रौढ माणसांत वजन हे साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, की मिळणारा आकडा बुटक्या आणि उंच माणसांची तुलना करण्यास उपयोगी पडतो. दीड मीटर उंचीची, ४५ किलो वजनाची स्त्री घेतली तर ४५ भागिले २.२५, म्हणजे २०. केटलेला मात्र कोणाचा आजार ओळखायचा नव्हता. त्याला शोध होता सरासरी माणसाचा. अन्सेल कीझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले आणि पुढे तो जगभरच्या दवाखान्यांत जाऊन बसला. समूहाची सरासरी काढण्यासाठी जन्मलेले माप एकेका माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करू लागले.

आनंदीबाईंच्या वाट्याला जे आले, ते कोणत्याही सरासरीत बसणारे नव्हते. गोपाळरावांच्या शिक्षणप्रेमाला हट्टाची आणि संतापाची धार होती. अभ्यासात कुचराई झाली की मारहाण होई. लाकूड, खुर्ची, पुस्तके, हाताशी येईल ते अंगावर फेकले जाई. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या गोष्टींची संयत पण स्पष्ट आठवण करून दिली. त्याच पत्रात त्याच्या वागण्याची चांगली बाजूही त्यांनी नाकारली नाही. आपल्याला घडवणारा हात आणि आपल्याला मारणारा हात एकच आहे, ही गोष्ट त्यांनी डोळे उघडे ठेवून स्वीकारलेली दिसते.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. पुरेशी वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि मूल गेले. त्या काळी असे मृत्यू घरोघरी होत आणि देवाची मर्जी म्हणून विसरलेही जात. आनंदीबाई विसरल्या नाहीत. बाईला बाई डॉक्टर हवी, परपुरुषाला नाडी दाखवण्याचा संकोच करीत किती बायका आणि मुले हकनाक जातात, हा विचार त्यांच्या मनात रुजला तो याच दुःखातून.

चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीरात त्या वेळी काय घडत असते, हे आज नीट माहीत आहे. मुलीची उंची आधी वाढते, कटीची हाडे मागाहून रुंदावतात. पाळी सुरू झाली म्हणजे वाढ पूर्ण झाली असे नव्हे. कटीची पोकळी त्यानंतरही काही वर्षे विस्तारत असते. वाढत्या मुलीला गर्भ राहिला, तर अन्नासाठी आई आणि बाळ यांच्यात ओढाताण होते. आईची वाढ खुंटते, बाळ कमी वजनाचे जन्मते. म्हणूनच १४५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या गर्भवतीकडे आजही जोखमीची म्हणून पाहिले जाते. हे ज्ञान आपल्याकडे अगदीच परके होते असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या प्रचलित पाठात सोळा वर्षांखालील मुलीस गर्भ राहिल्यास तो टिकत नाही, अथवा जन्मलेले मूल दुबळे होते, असा इशारा आहे. आश्चर्य हे, की शास्त्राचा शब्द प्रमाण मानणाऱ्या समाजाने हा शब्द मात्र बाजूला ठेवला. इंग्रज सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ मध्ये केला, तेव्हा केवढे वादळ उठले! आनंदीबाई तोवर या जगात नव्हत्या.

मूल गेल्यानंतर शिक्षणाला निश्चित दिशा मिळाली. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कोलकाता असा प्रवास चालला होता. पत्नीला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा व्यक्त करणारे गोपाळरावांचे पत्र मिशनऱ्यांच्या एका अमेरिकन मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत सहज चाळताना वाचले आणि १८८० मध्ये अनोळखी मुलीला पत्र धाडले. त्या पत्रातून जडलेला स्नेह अखेरपर्यंत टिकला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

बंगालमधील मुक्कामात प्रकृतीच्या ठळक तक्रारी दिसतात. सतत डोके दुखणे, अधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी दम लागणे. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. वय सतरा. मागे एक बाळंतपण, बदलत्या गावांचे पाणी, परक्या मुलखात रस्त्याने चालणाऱ्या शिकलेल्या बाईकडे रोखलेल्या नजरा आणि रात्रंदिवस चाललेला अभ्यास. आजच्या डॉक्टरने या तक्रारी ऐकल्या, तर वजनाच्याही आधी त्याने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली असती आणि रक्त तपासायला सांगितले असते. डोकेदुखी, थकवा, धाप हे रक्तक्षयाचेही सूचक आणि अंगात दबा धरून बसलेल्या दुखण्याचेही. त्या काळी अशा तक्रारींना नाजूक प्रकृती एवढेच नाव होते.

अशा प्रकृतीनिशी सातासमुद्रापार जाण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तोही एकटीने. गोपाळराव नोकरीमुळे मागे राहणार होते. स्वकीयांनी धर्मबुडवी म्हटले, मिशनऱ्यांना त्या ख्रिस्ती व्हाव्यात असे वाटे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभे राहून अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलीने आपण का जात आहोत, एकट्या का जात आहोत आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कशा येणार आहोत, हे इंग्रजीतून शांतपणे सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोट सुटली. जून महिन्यात न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी त्यांना उतरून घेण्यास हजर होत्या.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्वेनिया १८५० मध्ये स्थापन झालेले, स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातील पहिल्या संस्थांपैकी एक. तेथील डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला. शरद ऋतूत अभ्यासक्रम सुरू झाला आणि पाठोपाठ थंडी आली. आनंदीबाईंनी आहाराचा आणि पोशाखाचा नेम शक्य तेवढा पाळला. मांसाहार नाही. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून गुजराती पद्धतीची पाचवारी साडी त्या नेसू लागल्या. पण बर्फाच्या मुलखात साडी ती साडीच. स्वयंपाक स्वतः करायचा, व्याख्याने, शवविच्छेदन, रुग्णालयातील फेऱ्या उरकायच्या आणि परक्या भाषेतल्या जाडजूड ग्रंथांशी रात्री झुंजायचे. भाजी, भात, बटाटा यांवर निघालेल्या त्या दिवसांत अंगातली शक्ती किती शिलकीत पडत होती आणि किती खर्ची, याचा हिशेब आहारशास्त्रालाही तेव्हा मांडता येत नव्हता. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा विसाव्या शतकातला.

प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. एकीकडे संस्कृत वैद्यकग्रंथांची परंपरा आणि दुसरीकडे अमेरिकन पाठ्यपुस्तके, दोहोंचा धांडोळा त्यात होता. स्त्रीच्या बांध्याचे मोजमाप हा त्या काळच्या प्रसूतिशास्त्राचा मोठाच भाग होता. क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले. तोवर बोदलोक या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केलेल्या कंपासाने कटीचे बाहेरून माप घ्यायचे आणि बाळाच्या वाटेचा अंदाज बांधायचा, हा एक रूढ मार्ग होता. बाहेरच्या हाडापेठाच्या मापावरून आतल्या पोकळीचे अनुमान किती चुकू शकते, हे पुढे कळले आणि ती पद्धत मागे पडली. रुंद हाडाच्या बाईचे बाळंतपण हटकून सोपे, हा आजीबाईंचा आडाखा आणि त्या कंपासाचे माप यांत तत्त्वतः फार अंतर नव्हते.

१८८५ च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात आहेत : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि पारंपरिक पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशातून पाश्चात्त्य वैद्यक शिकायला निघालेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. या चित्रातल्या आनंदीबाईंचा चेहरा गोल आणि भरलेला आहे. त्यांच्याकडे पाहून हडकुळी, रोगट असा शब्द कोणाच्या ओठी येणार नाही. उलट, आपल्याकडच्या कोणत्याही आजीने खात्यापित्या घरची मुलगी म्हणून समाधानाने मान डोलावली असती. हे चित्र घेतले गेले तेव्हा त्यांच्या हाती दीड वर्षही उरले नव्हते.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. त्या सोहळ्यास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. गोपाळरावही आदल्या वर्षी अमेरिकेत येऊन पोहोचले होते. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक केली. ज्या हेतूने सारी धडपड मांडली, तो हाताशी आला होता. अनुभवासाठी आनंदीबाई बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या, पण दुखण्याने तेथले काम अर्धवट टाकावे लागले. खोकला, ताप आणि झपाट्याने झिजणारे शरीर. निदान क्षयाचे ठरले.

या रोगाच्या नावातच वजनकाटा दडला आहे. क्षय म्हणजे झीज. इंग्रजांनीही त्याला शरीर खाऊन टाकणारा याच अर्थाचे नाव दिले होते. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला होता. म्हणजे आनंदीबाई वैद्यकीची विद्यार्थिनी झाल्या, तेव्हा हे ज्ञान ताजे होते. पण जंतू ओळखता आला तरी त्याला मारता येत नव्हते. त्यासाठी स्ट्रेप्टोमायसिन यावे लागले, १९४३ मध्ये. मधल्या साठ वर्षांत मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न हेच मुख्य उपचार होते. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत रोग्याला ठरावीक दिवशी काट्यावर उभे करीत; वजन वाढले तर आशा, घटले तर निरवानिरव. आनंदीबाईंना स्वतःच्या शरीरातली ही उतरंड डॉक्टरच्या नजरेने वाचता येत होती. त्यांच्या यातनांत ही एक अधिकच होती.

९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्यांनी न्यूयॉर्क सोडले आणि १६ नोव्हेंबरला मुंबईचा किनारा दिसला. ज्या समाजाने जाताना शिव्याशाप दिले, त्यातलेच अनेक आता अभिमानाने स्वागताला आले. पण कोल्हापूरचे पद स्वीकारण्याइतके बळ अंगात उरले नव्हते. उपचारांसाठी पुण्यास मुक्काम हलवला. रोग हटला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला होता. ज्या आजाऱ्यांसाठी विद्या मिळवली, त्यांपैकी एकीचीही नाडी कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांना पाहता आली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, बोस्टनच्या कॅरोलाइन हीली डॉल यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांची जीवनकथा सिद्ध केली. स्त्रीने लिहिलेले स्त्रीचे चरित्र म्हणूनही त्या ग्रंथाला वेगळे मोल आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने १९६८ पासून हे नाव घरोघरी नेले. या साऱ्यांत त्यांच्या जिद्दीची कहाणी आहेच. पण तिच्या आत एका शरीराची कहाणीही आहे आणि ती अजून जुनी झालेली नाही.

आनंदीबाईंच्या नंतरच्या शतकात शरीर मोजण्याचा उद्योग फोफावला. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये उंचीनुसार आदर्श वजनाची कोष्टके काढली. त्यांत लहान, मध्यम आणि मोठा असे हाडापेठाचे तीन वर्ग होते. परंतु कोणाचा बांधा कोणत्या वर्गात घालायचा, याचा नियमच दिलेला नव्हता. १९८३ च्या सुधारित कोष्टकांबरोबर कोपराच्या हाडाची रुंदी मोजण्याची रीत आली. ही कोष्टके विमा उतरवणाऱ्या अमेरिकनांच्या आकडेवारीवर उभी होती. ठाण्या-कल्याणच्या दवाखान्यांच्या भिंतींवर उंची-वजनाचे तक्ते झळकत, तेव्हा ती मापे कोणाच्या शरीरावरून बेतली आहेत, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे.

तो प्रश्न नीट विचारला गेला पुण्यात. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास १९९३ पासून हाती घेतला. या मातांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे हाडाने, मांसाने, पोटाने लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी तुलनेने राखलेली. कृश दिसणारी, तरी चरबी बाळगणारी ही ठेवण मोठेपणी मधुमेहाला जवळ करते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ मध्ये आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबी होती ती भारतीयाची. आकडा एक आणि शरीरे दोन, हे याहून सोपे करून सांगणे कठीण. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावे, असे सुचवले. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ सुमारे ५२ किलो. त्याच उंचीला कुपोषणाची सीमारेषा, १८.५ हा निर्देशांक, सुमारे ४२ किलोंवर येते. या दोन रेषांमध्ये जेमतेम दहा किलोंची वाट आहे.

म्हणून वजन निरर्थक ठरते काय? मुळीच नाही, आणि याची साक्ष पुन्हा क्षयच देतो. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरोगी आणि त्यांच्या घरच्या मंडळींना पोषक शिधा देऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील पाचांपैकी चार रोगी कुपोषित होते. ज्यांच्या घरी सर्वांना शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोंच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे अवघे दोन किलो. क्षयरोग्याच्या आहारासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये दरमहा पाचशे रुपये देण्याची योजना सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम हजारावर नेली, त्यामागे हेच शास्त्र आहे. आनंदीबाईंच्या काळातील डॉक्टर रोग्याला काट्यावर उभे करीत, तेव्हा ते चुकत नव्हते. त्यांच्या हाती औषध नव्हते, एवढेच.

वजनाचा एकच आकडा फसवतो. घसरत जाणारा आकडा सहसा फसवत नाही. चेहऱ्याचा गोलवा रक्तातील लोह सांगत नाही, मनगटाची जाडी फुफ्फुसांची खबर देत नाही. पण कपडे सैल होऊ लागले, संध्याकाळी अंग कसकसू लागले आणि खोकला दोन आठवडे हटला नाही, तर बांधा कसाही असो, थुंकीची तपासणी टाळू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, २४ टक्के स्थूल आणि तब्बल ५७ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. कृश आणि स्थूल यांची बेरीजही रक्तक्षयाच्या आकड्याहून कमी भरते. म्हणजे वजन अगदी प्रमाणात असलेल्या कितीतरी बायका अशक्त रक्तानिशी वावरत आहेत. सकाळची जलद लोकल पकडण्यासाठी कल्याण किंवा डोंबिवलीचा पूल धावत चढताना धाप लागली, डोके ठणकले, तर नोकरदार बाई ते दगदगीच्या खाती टाकते. बंगालच्या मुक्कामात सतरा वर्षांच्या आनंदीबाईंच्या तक्रारी याहून फार निराळ्या नव्हत्या.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी समुद्रापार कार्पेंटर मावशींकडे धाडल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीतील जागेत त्यांना विसावा मिळाला. तेथल्या दगडावर त्यांचे नाव, पदवी आणि जन्म-मृत्यूची दोन साले आहेत. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव दिले गेले आहे. कल्याणहून निघालेली ही मुलगी इतक्या दूरवर पोहोचली. तिला घरी परत येऊन करायचे होते ते काम मात्र अगदी साधे होते : आजारी बाईच्या उशाशी बसायचे, तिची नाडी हाती घ्यायची आणि तिला नेमके काय होते आहे, हे तिच्याच तोंडून ऐकून घ्यायचे.